आधी पांढरी, मग संग्रहालय

शिक्षक मित्रहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात शाळेची सहल निघाली की वाट ठरलेली असते. तुळजापूरला दर्शन, नळदुर्गला नर-मादी धबधबा, आणि वेळ उरला तर तेर. वेळ उरत नाही. मुलं संग्रहालयात रांगेनं शिरतात, ‘हात लावू नका’ ऐकत रांगेनं बाहेर येतात, आणि गाडी सुटते. माझं मागणं एवढंच आहे की तेरला अख्खा दिवस द्या, आणि संग्रहालयाच्या आधी मुलांना पांढरीवर न्या.

पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्या मुलांना घरातच ऐकून माहीत असतं. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यांवर नव्या उभ्या राहिल्या, चुलीची राख आणि खापरं त्यात मिसळत गेली. तेरणेकाठची ती टेकाडं अशी वर आली आहेत. माळवदावर टाकायला गावोगावचे लोक ही माती नेत आले. मोठा पाऊस झाला की उतारावर मणी उघडे पडतात. माझं आजोळ तेरचं. आम्ही ते मणी वेचून वासराच्या गळ्यात बांधायचो. एकही राहिला नाही, याची हळहळ मला अजून आहे.

तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे मात्र अशा वस्तू जपून ठेवत गेले. त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय संग्रहालय आज त्यांच्याच नावानं आहे.

तिथं गेल्यावर सगळं दाखवायला जाऊ नका. पांढऱ्या शाडूसारख्या मातीची एखादीच बाहुली निवडा आणि तिची कड बघायला सांगा. दोन साच्यांतून दोन अर्धुकं काढून जोडल्याची रेघ कुशीवरून खाली जाताना दिसते. आतून ती पोकळ असते. ही रेघ एकदा दिसली की मुलं पुढच्या प्रत्येक मूर्तीवर ती शोधू लागतात, त्यांना हाताला धरून फिरवावं लागत नाही. मग रोमन नाण्यांच्या धर्तीवरची मातीची पदकं दाखवा, गळ्यात घालायला भोक असलेली. इथल्या कारागिरानं परदेशी नाणं हातात घेऊन बघितलं होतं, एवढं त्यावरून नक्की कळतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तान्तात तगर नगराचं नाव आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, फार मोठं शहर, तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जातं. तगर म्हणजे हेच तेर. इथं मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. कोकणातले शिलाहार राजेसुद्धा स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत.

दुपारी त्रिविक्रमाच्या देवळात जा. हत्तीच्या पाठीसारखं गोल उतरतं विटांचं छत नीट बघा. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. भाजताना मातीतला भुसा जळून जातो आणि आत छिद्रं राहतात. तिथून गोरोबाकाकांच्या समाधीला चालतच जावं. सकाळपासून माती बघितलेल्या मुलांना कुंभाराच्या घरच्या या संताविषयी सांगायला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

नळदुर्गचा पाणीमहाल आणि परांड्याच्या तोफा यांना वेगळा दिवस काढा. तेरच्या दिवसात ते कोंबू नका.

पांढरीवर उकरायचं नाही, हे आधीच बजावा. वस्तू कुठं, कोणत्या थरात होती हे गेलं, की तिची अर्धी माहिती गेली. वर पडलेलं काही सापडलंच तर जागा लिहून ठेवायची आणि त्याच दिवशी संग्रहालयात नेऊन द्यायचं. आमच्या सातवीतल्या एका मुलीला गाडग्याच्या बुडाचा तुकडा मिळाला होता, बाहेरून काजळी धरलेला. तिनं बोट फिरवून विचारलं, “सर, ह्यात कालवण शिजत असंल का?” संग्रहालयातल्या माणसानं तुकडा घेतला आणि कुठं सापडला ते विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं वहीतलं वाचून दाखवलं: “विहिरीच्या वरच्या अंगाला, बोरीपासून अकरा पावलं.” त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.