माळ रिकामा नसतो

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्यांना दिवे घाटापलीकडे, सासवडच्या अंगाला प्लॉट बघायचा होता. मी आपला सोबतीला. माळावर चुन्याच्या रेषा आखलेल्या, कोपऱ्यांत सिमेंटचे खांब. एजंट म्हणाला, "साहेब, सगळं रिकामं. उद्या कुदळ मारा!"

तेवढ्यात डोक्यावर टिटवीनं थैमान मांडलं. मेहुणे चपापले. टिटवीचं ओरडणं अपशकुनी, हे लहानपणापासून ऐकलेलं. ते दोन पावलं मागे सरकले, तसा लांबून मेंढरं राखणारा एक म्हातारा ओरडला, "पाव्हणं, पाय बघून टाका! तितं बाळंतीण हाय!"

खाली पाहिलं. बुटापासून वीतभरावर चार अंडी. मातकट, काळे ठिपके असलेली, खड्यांत खडे होऊन गेलेली. घरटं म्हणजे काय, तर चार लेंड्या नि बारीक खडे. भोवती मात्र मुठीएवढे तीन दगड मांडलेले. ते म्हाताऱ्याचे. "खुणेला ठिवल्यात. मंग मी मेंढरं आडवून वळसा घालून नेतो," तो म्हणाला.

मी नकाशा उघडला. ती अंडी नेमकी मेहुण्यांच्या स्वयंपाकघरात होती.

म्हणून म्हणतो, माळ रिकामा नसतो. तिथं लांडगा असतो, खोकड असतं, धाविक नावाचा जमिनीवर पळणारा पक्षी असतो, चंडोल असतो. सातबाऱ्यावर मात्र पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन! सुप्याजवळ चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 पासून. पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लांडग्याला तेवढ्यात कसं भागेल? त्याला त्यापलीकडचे मोकळे माळ लागतात, आणि आपण तेच तारेचं कुंपण घालून गुंठ्यागुंठ्यानं विकतोय. टेकड्यांचंही तेच. डिसेंबर 2020 मध्ये कोथरूडच्या सोसायट्यांत गवा शिरला होता, आठवतंय ना? बघ्यांच्या गर्दीत तो उर फुटेस्तोवर धावला, आणि मेला.

आता माझं एक जुनं दुखणं सांगतो, रागावू नका. पावसाळा आला की मंडळी माळावर खड्डे खणून झाडं लावतात, फोटो काढतात. अहो, गवताच्या माळावर दाट झाडी केलीत, तर सावलीत गवत मरतं आणि धाविक निघून जातो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचं गिरिपुष्प बघा. फुलतं झकास, पण ते इथलं झाडच नव्हे! आणि टेकडी फोडून सोसायटीच्या फाटकावर इंग्रजीत टेकडीचंच नाव लिहायचं, ही कुठली रीत? असो.

पुन्हा सांगतो, माळ रिकामा नसतो.

हां, मेहुण्यांनी तो प्लॉट घेतला नाही. टिटवीसाठी? छे हो. निघताना म्हातारा सहज बोलून गेला, "हितं बोरला पाणी लागत न्हाई." एजंट त्याच्याकडे असा काही बघत होता, की टिटवी बरी.