व्हर्च्युअल मशीन रडतखडत का चालतं? आधी कासव शोधा

विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) हवंय, पण हार्ड डिस्कचं पार्टिशन करायची भीती वाटते? मग व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आत दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. विंडोज जिथल्या तिथे राहतं आणि उबुंटू एका खिडकीत उघडतं.

इन्स्टॉल करण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ दिसलं पाहिजे. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, जावं लागेल. इंटेलच्या लॅपटॉपवर पर्याय सहसा व्हीटी-एक्स किंवा ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने असतो, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की लिहून ठेवा. बदलानंतर विंडोज ती मागू शकतं, आणि त्या वेळी शोधाशोध नको.

आता नवीन मशीन. उबुंटू २४.०४ ची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची फाइल) निवडली की व्हर्च्युअलबॉक्स म्हणतं, इन्स्टॉलेशन मीच करून टाकतो. ती ‘अनअटेंडेड’ सोय टाळा. तिने बनवलेल्या युजरला बऱ्याचदा सुडोचे (अ‍ॅडमिनचे) अधिकार नसतात आणि पहिल्याच कमांडला अडता. पाच मिनिटं जातील, पण हातानेच करा.

रॅम किती द्यायची, इथे हात सैल सुटतो. लॅपटॉपला ८ जीबी असेल तर ४ द्या, त्यापुढे नाही. ६ दिलीत तर विंडोजकडे २ उरतात, ते रॅमऐवजी डिस्क वापरू लागतं (स्वॅप) आणि दोन्ही सिस्टिम एकदम रांगायला लागतात. १६ जीबी असेल तर ६ ते ८ खुशाल द्या. प्रोसेसरचे २ कोअर पुरतात. डिस्क २५ जीबी, ‘डायनॅमिक’ प्रकारची. ती लागेल तशी वाढते, पण आतल्या फाइल्स पुसल्या म्हणून आपोआप आकसत नाही.

एवढं करूनही माउस अडखळतोय? व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे बघा. हिरवं कासव दिसतंय? (हो, खरोखरच कासव.) त्याचा अर्थ प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने, आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं आत जा आणि ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करा. मग अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून bcdedit /set hypervisorlaunchtype off ही कमांड द्या आणि रीस्टार्ट करा. किंमतही ऐका: सुरक्षेचा एक थर कमी होतो आणि डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) बंद पडतं. तुमचं रोजचं काम डब्ल्यूएसएलवर असेल तर माझं मत, कासव राहू द्या.

उबुंटू सुरू झालं की त्यात ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ (व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर्स) टाका, नाहीतर स्क्रीन खिडकीच्या मापाची होत नाही. त्याआधी उबुंटूत बिल्ड-इसेन्शियल आणि कर्नल हेडर्स ही पॅकेजेस हवीत. शेअर्ड फोल्डर (विंडोज आणि उबुंटू दोघांना दिसणारा) दिसतोय पण उघडत नाही? तुमचा युजर ‘व्हीबॉक्सएसएफ’ ग्रुपमध्ये घाला आणि मशीन रीस्टार्ट करा.

आणि वायफायचं चिन्ह नाही म्हणून घाबरू नका. आतल्या उबुंटूला तुमचं वायफाय वायरचं नेटवर्क म्हणूनच दिसतं. ब्राउझर उघडून बघा, इंटरनेट चालू असेल.