कूलरमधली बाळंतीण

मंडळी, मागे तो कूलर घरघरतोय, त्याचा आवाज कमी होतो का बघा. नाही? मग मीच मोठ्यानं बोलते. तसंही आजची गोष्ट कूलरपासूनच सुरू होते.

मार्च सरता सरता नागपुरात काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गच्चीवरचा कूलर उतरवायचा, जुन्या ताट्या काढायच्या, टाकी घासायची. महालातल्या एका घरी ताटी काढली, तर आत सुक्या गवतावर चार पिल्लं. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे दहा-बारा दिवसांची. मांजर बाहेर गेलेली. घरातल्या पोरानं ती पिशवीत घातली आणि संध्याकाळी गांधीसागरच्या काठी ठेवून आला. पोरगा दुष्ट नव्हता. तिथे कुणी ना कुणी खायला घालेल, असं त्याला वाटलं. एकही दात न आलेल्या पिल्लांना!

सकाळी आजींचा फोन. "डॉक्टरबाई, मांजर रातभर बोंबलून राह्यली. तिले झोपेचं काही देता का?"

गेले तर मांजर रिकाम्या कूलरमध्ये बसलेली. पोटावर टेकत नव्हती, मागचे पाय फाकवून अर्धवट उभी. मांजरीला सडांच्या साधारण चार जोड्या असतात. तिच्या मागच्या दोन जोड्या तटतटल्या होत्या, कातडी ताणून चकचकीत झालेली. मी बोट लावलं, तेव्हा तिनं नखं काढली नाहीत, फक्त पंजानं माझा हात बाजूला सारला. आजी हळद-तेल कोमट करून तयार होत्या. "थोडं पिळून देता का? दूध दाटलं तिचं."

इथे मला माझी चूक सांगायची आहे. मी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, तेव्हा आमचा सगळा जीव गाई-म्हशींत. कासदाह झाला की दूध काढून कास मोकळी करायची, हे डोक्यात पक्कं. सुरुवातीच्या काळात पिल्लं गेलेली अशीच एक मांजर आली आणि मी तिचं दूध पिळायला सांगितलं. चार दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा सड आधीपेक्षा टणक. होणारच की. जेवढं काढाल तेवढं शरीर पुन्हा बनवणार. पिल्लू लुचतं आहे असंच त्याला वाटतं. पिल्लं परत येणारच नसतील, तर दूध आटवायचं. सडांना हात लावायचा नाही. चोळणं नको, शेक नको. फार तर थंड पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ ठेवा, तिनं ठेवू दिलं तर. बाळंतिणीचे लाड चार दिवस बंद, रोजचं खाणं थोडं कमी. पण उपाशी ठेवू नका; मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही तर तिचं लिव्हर बिघडू शकतं. आणि पाणी तर आपल्याकडच्या उन्हात एक मिनिटही तोडायचं नाही. आठवडा-दहा दिवसांत सड बहुधा मऊ पडतात.

एखादा सड लाल-जांभळा झाला, हाताला तापलेला लागला, पू किंवा रक्त आलं, मांजरीनं खाणं सोडलं, तर मात्र घरगुती काही नाही. त्याच दिवशी डॉक्टर. मांजरीचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका. आणि घरातली तापाची गोळी तर मुळीच देऊ नका. 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृताला ती पचवताच येत नाही. हिरड्या निळसर पडतात, आणि मग फार वेळ हातात नसतो. प्रेमापोटी अशी मारलेली मांजर मी पाहिली आहे.

असो. पण हे सगळं पिल्लं मिळालीच नाहीत तर. पहिलं औषध पिल्लंच. मी त्या पोराला म्हटलं, "स्कूटर काढ."

दुपारी तो दोन पिल्लं घेऊन आला. बाकीची दोन दिसली नाहीत. आलेली थंड होती, मार्चच्या दुपारीसुद्धा. एवढ्या लहान पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आजी लगेच गाईचं दूध घेऊन आल्या, तर त्यांना थांबवलं: गार पिल्लाला दूध पाजायचं नाही, पचत नाही, आणि गाईचं तर नाहीच. आधी ऊब. पाण्याची गरम बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली. मांजर बसली होती ते गवत त्यांच्या अंगावरून फिरवलं, कारण ती डोळ्यांपेक्षा नाकानं ओळखते. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लं टाकते, ही समजूत खोटी आहे. पिल्लं कूलरमध्ये ठेवली आणि आम्ही सगळे स्वयंपाकघरात जाऊन बसलो. पोरगा दर मिनिटाला उठून डोकावायला बघत होता. आजींनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

अर्ध्या तासानं आवाज आला, तो ओरडण्याचा नव्हता. ती आडवी पडली होती. पिल्लं मागच्या सडांना लागली होती, पण फक्त दोनच सडांना. पिल्लांना आपापला सड ठरलेला असतो. पहिल्या काही दिवसांतच ती आपली जागा धरतात. जी दोन आली नाहीत त्यांचे सड तसेच ताठ राहिले. आठवड्यानं गेले तेव्हा ते आटले होते.

पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून तिची शस्त्रक्रिया मात्र पिल्लं दूध तुटल्यावर, सड उतरल्यावर केली. तोवर तिला घरातच ठेवायला सांगितलं, कारण अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, आणि मग नऊ आठवड्यांत पुन्हा तेच.

आणि कूलर? तो लावायला मे उजाडला. महालात, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, एप्रिलभर नुसता पंखा. आजींनी पोराला सांगितलं होतं, "तुले गरमी होते ना, होऊ दे."