औंढ्याचं यंत्र काय बी करत नाही, नुसतं ऐकतं

दृश्य: पहाट, औंढा नागनाथचं देऊळ, मग दुधाळ्याकडचा रस्ता

हे औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. देवळाच्या कोरीव कामावर कॅमेरा जरा जास्तच रेंगाळलाय, पण ऊनच असं पडलं होतं की हलवावा वाटेना. आपल्याला जायचंय इथून जवळ, दुधाळ्याच्या शिवारात. लायगो-इंडिया म्हणतात ते, आभाळातल्या लांबच्या टकरी टिपणारं यंत्र, इथं होणारंय. २०१६ ला केंद्रानं तत्त्वतः होकार दिला, २०२३ ला २६०० कोटी मंजूर झाले.

दृश्य: चहाची टपरी

कॅमेरा बघितल्याबरोबर एक मामा विचारतात, "इथं ब्लॅक होल बनवायलेत म्हणं, खरंय का ओ?" आम्ही तोंड उघडायच्या आत बाकावरनं उत्तर येतं, "बनू द्या की! आधी आमचं कर्ज टाकू त्यात." तिसरा म्हणतो सोयाबीनचा भाव कवाच गेलाय तिकडं. हशा पिकतो, चहावाला कप धुवायचा थांबतो, हे सगळं तुम्हाला दिसतंयच.

तर मामा, ब्लॅक होल म्हणजे उजेडसुद्धा गिळणारी आभाळातली चीज, ती इथं बनवत नाहीत. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन नळ्या, एकेक ४ किलोमीटर लांब, आतली हवा काढून टाकलेली. मधून लेसरचा उजेड सोडायचा, टोकाला ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक तारांनी टांगलेले, उजेड तिथनं परत येतो आणि दोन्ही बाजूंचा मेळ बघायचा, बस. लांब कुठं आभाळात दोन ब्लॅक होल एकमेकांवर आदळले की जागाच किंचित ताणली जाते, एक नळी कणभर लांब, दुसरी कणभर आखूड. कणभर म्हणजे किती, तर प्रोटॉनच्या, म्हणजे अणूच्या पोटातल्या कणाच्या, जाडीचा दहा हजारावा भाग! १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी पहिल्यांदा असं पकडलं, १३० कोटी वर्षांपूर्वीची टक्कर आणि खूण उरली सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याची. दोन कानांनी आवाज आला कुठून ते नीट कळत नाही, अजून कान पाहिजेत, त्यातला एक आपल्याकडं.

म्हणजे हे यंत्र आभाळाला कान लावून बसणार. काय फोडणार नाही का काय आदळणार नाही.

दृश्य: गणपती मंडळाचं जुनं व्हिडिओ शूटिंग, रंग उडालेले

प्रोटॉन एकमेकांवर आदळणारं यंत्र वेगळं, ते स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवर, सर्न नावाच्या प्रयोगशाळेचं, जमिनीखाली २७ किलोमीटरचं रिंगण. १० सप्टेंबर २००८ ला ते सुरू झालं आणि त्यातून ब्लॅक होल होऊन पृथ्वी गिळणार म्हणत आपल्या टीव्हीवाल्यांनी जग बुडवलं. आता गंमत बघा, ते दिवस नेमके गणपतीचे. मराठवाड्यात गणपतीत जमीन हलणार म्हणलं की हसायला येत नाही ओ, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ ची, आदल्या दिवशीच विसर्जन झालेलं. २००८ च्या त्या रात्री आमच्याकडं बाया अंथरुणं घेऊन अंगणात आल्या, आजी म्हणली छताखाली मरण्यापेक्षा आभाळाखाली बरं. मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीनं त्या बातम्यांच्या धास्तीनं जीव दिल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आणि त्या दिवशी तिकडं टक्कर झालीच नव्हती! नुसते प्रोटॉन फिरवून बघितले. ९ दिवसांनी वायरीच्या जोडात बिघाड, हेलियम गळाला, यंत्र वर्षभर बंद. मोठ्या ताकदीची टक्कर थेट मार्च २०१० मध्ये. अंतराळातून त्याहून जोरकस कण रोज आपल्या डोक्यावर पडतायत, करोडो वर्षं, तरी पृथ्वी शाबूत, पण हे सांगायला टीव्हीवर वेळ नव्हता.

दृश्य: मारुतीच्या पारावर मोबाईल उंच धरलेली पोरं

दुसरी हूल इंटरनेटची. सर्नचा डेटा एवढा की जगाचं नेट भरून जाईल, नाहीतर हजारपट फास्ट नवीन नेट येईल, दोन्ही एकाच वेळी खरं म्हणून फिरत होतं. ही पोरं पारावर का चढली तर खाली रेंज नाही. "आमचं नेट सर्ननंच खाल्लं असंल," एकजण म्हणतो. वास्तविक तिथं सेकंदाला ४ कोटी वेळा प्रोटॉनचे जथे एकमेकांतून जातात आणि यंत्र जागच्या जागी जवळजवळ सगळं फेकून देतं, जेमतेम हजारभर नोंदी ठेवतं. त्या वाटून घ्यायला वेगळ्या लाईनी आहेत, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेपर्यंत. आणि वेब, ज्याच्यावर तुम्ही हे बघताय, तो १९८९ ला सर्नमध्येच टिम बर्नर्स-लींच्या डोक्यातनं निघाला. खाल्लं काय, वाढलं त्यांनीच.

दृश्य: काळं रान, तारेचं कुंपण

हिंगोलीत २१ मार्च २०२४ ला सकाळी भूकंपाचे दोन धक्के बसले, १० जुलैला परत एक, ४.५ तीव्रतेचा. लगेच लायगोचं नाव. अरे, तेव्हा इथं लेसर सोडा, नळीचा पत्ता नव्हता! जिल्ह्यातल्याच पांगरा शिंदे गावात जमिनीतून गुरगुर ऐकू येते ती तर कधीची. जमिनी, मोबदला हा विषय वेगळाय, तो आपण शूट केला नाही.

भीती खरं तर यंत्रालाच आहे, आपली. लांबची मालगाडी, वारा, रस्त्यावरचा ट्रक, आरशाला सगळं जाणवतं, म्हणून तर देशभर जागा बघून हा शांत माळ निवडला.

दृश्य: ऊसाची ट्रॉली, डेकवर गाणं

हे गेले बघा मामा. हात करायलेत.