गोळीआधीचा थेंब

(दृश्य : सावळघाट, पहाट, पाऊस. पावसाचा आवाज काही सेकंद तसाच राहू द्यावा. मग निवेदन.)

नाशिकहून पेठला निघालं की सावळघाटात ढग गाडीच्या काचेपर्यंत खाली येतात. दरीतल्या खाचरांत आवणी चालू आहे. कंबरेत वाकलेल्या बाया, कुणाच्या पाठीवर इरलं, कुणाच्या पाठीवर खताच्या गोणीचं प्लास्टिक. बांधाला पाणी, वाटेला पाणी, ओहोळ भरून वाहतायत. भात कापून झालं की याच घरांतली माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर छाटणीला उतरतील.

या आशाताई. खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, टोचायच्या सुया, कापूस, झटपट तपासणीचं किट. शेवटचा पाडा ओढ्याच्या पलीकडे आहे. ओढा कसा ओलांडतात ते तुम्ही बघताच आहात.

“मावशी, ताप थंडी वाजून येतो का?”

“एक दिस येतो, एक दिस नाय.”

एक दिवसाआड येणारा ताप. जुनी माणसं याला पाळीचा ताप म्हणायची. सरकारी कागदावर तो हिवताप आहे, बोलण्यात मलेरिया.

(दृश्य : बोट, थेंब, काचपट्टी. जवळून.)

डाव्या हाताची अनामिका. कापसानं पुसायची, टोचायची, पहिला थेंब टिपून टाकायचा. पुढच्या थेंबाचे काचेवर दोन लेप होतात, एक जाड, एक पातळ. जाड लेपात परजीवी आहे की नाही ते कळतं, पातळ लेपात तो कोणत्या जातीचा ते कळतं. पट्टी वाळते, रंगवली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाते. शंभरच्या भिंगावर तेलाचा थेंब. फुगलेली लाल पेशी, तिच्यात वेडावाकडा पसरलेला परजीवी, भोवती बारीक ठिपक्यांची रांगोळी. हा प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स.

व्हायव्हॅक्सची खोड अशी की तो फक्त रक्तात राहत नाही. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो, आणि त्यातले काही तिथंच झोपून राहतात. क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्त साफ होतं, ताप उतरतो, माणूस खाचरात परत जातो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी झोपलेले जागे होतात. डास नवा चावलेला नसतो, ताप मात्र नव्यानं येतो. म्हणून दुसरी गोळी, प्रायमाक्वीन. मोठ्या माणसाला रोज 15 मिलिग्रॅम, जेवणानंतर, 14 दिवस. आरोग्य खातं याला समूळ उपचार म्हणतं, आणि शब्द अगदी बरोबर आहे. मूळ यकृतात आहे, आणि तिथं पोचणारं औषध आपल्या गावपातळीवर हे एकच आहे. हे औषध नको, असं ही फिल्म कुठंही म्हणत नाही.

(दृश्य : ओट्यावर बसलेला तरुण. चेहरा दाखवायचा नाही, हात दिसू द्यावेत.)

हा मुलगा बागेवर कामाला होता. तिथंच ताप आला, तपासणीत व्हायव्हॅक्स निघाला, गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. रात्रीतून दवाखान्यात हलवलं, रक्त चढवलं. आता बरा आहे.

त्याच खोलीत तीच गोळी घेतलेल्या दुसऱ्या मजुराला काहीच झालं नाही.

फरक गोळीत नव्हता, हे शास्त्रज्ञांना 1950 च्या दशकातच दिसलं होतं. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या एका तुरुंगात, कैद्यांवर या औषधाचे प्रयोग चालले होते. ते प्रयोग आज कुणी तसे करू देणार नाही, देऊही नये. ज्यांना औषध बाधत होतं त्यांच्या लाल पेशींना किरणोत्सारी खूण करून त्या निरोगी माणसांना चढवल्या. औषध दिलं. माणूस निरोगी होता, तरी त्या पाहुण्या पेशी तेवढ्या फुटल्या. दोष पेशीच्या आत होता. 1956 मध्ये त्याचं नाव कळलं : ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. थोडक्यात जी-सिक्स-पी-डी. हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्या पेशींत ते कमी पडत होतं.

लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. तिला केंद्रक नसतं, त्यामुळे झिजलेलं विकर ती पुन्हा घडवू शकत नाही. जन्मताना मिळालेल्या शिदोरीवर सगळं आयुष्य काढते. प्रायमाक्वीनसारखं औषध पेशीच्या आत गंज चढवणारी रसायनं वाढवतं. जी-सिक्स-पी-डी पुरेसं असेल तर पेशी तो गंज धुऊन काढते. नसेल तर फुटते. तिच्यातलं हिमोग्लोबिन लघवीतून जातं, तोच तो काळा चहा.

आणि ही उणीव आजोळहून येते. तिचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. आईजवळ दोन एक्स, एक सदोष असला तरी दुसरा बरंचसं सांभाळून घेतो, म्हणून बहुतेकदा तिला स्वतःला काही जाणवत नाही. मुलाजवळ एकच. म्हणून बापाच्या घरात चौकशी करून उपयोग नाही, मामाला विचारा. मामाला कधी गोळीनं कावीळ झाली होती? लघवी लाल झाली होती? आजोळी एखादं तान्हं मूल काविळीनं गेलं होतं? आमच्या मते केसपेपरवर हा प्रश्न छापलेलाच हवा.

जगात साधारण 40 कोटी माणसांत ही उणीव आहे. भारतात तिचे तीन प्रकार जास्त आढळतात : मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण. हो, आपलंच कल्याण. नाशिकहून मुंबईला जाताना ज्या स्टेशनावर गाडी थांबते, त्या गावाचं नाव या दोषाला मिळालं आहे. इतक्या जवळचं नाव, आणि गावपातळीवर काम करणाऱ्या किती जणांनी ते ऐकलं असेल?

(दृश्य : प्रयोगशाळा. इथून घाई करू नये.)

आता हे नीट बघा.

एका छोट्या नळीत अभिकर्मक, म्हणजे तपासणीचं रसायन. त्यात रक्त, फक्त 10 मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही लहानसा भाग. नळी हलवली. या मिश्रणाचा एक ठिपका लगेच गाळणकागदावर. पाच मिनिटांनी दुसरा, दहा मिनिटांनी तिसरा. शेजारच्या रांगेत धडधाकट माणसाच्या रक्ताचे तीन ठिपके, ताडून बघायला. कागद वाळू द्यायचा. दिवसाउजेडी सहाही ठिपके सारखेच मळकट तांबडे दिसतात.

खिडकीला काळा कपडा लावला. अतिनील दिवा लागला.

(दृश्य : अंधार. दिवा. सहा सेकंद निवेदन नाही.)

वरच्या रांगेतला पहिला ठिपका मंद. दुसरा उजळ. तिसरा निळसर चांदण्यासारखा चमकतो आहे. विकर काम करतं तेव्हा जे रसायन तयार होतं, ते या प्रकाशात चमकतं. खालची रांग काळीच आहे. पहिला काळा, दुसरा काळा, तिसराही काळा.

बॉयटलर नावाच्या शास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात शोधलेली ही पद्धत. अभिकर्मक थंडीत जपावा लागतो, दिवा लागतो, हात बसलेला तंत्रज्ञ लागतो. पण लसीसाठी शीतपेटी पाड्यापर्यंत जाते, मग ही का जाऊ नये?

एक अडचण आहे, ती लपवत नाही. बायकांमध्ये अर्धवट उणीव असली तर ठिपका चमकू शकतो आणि चुकवतो. तिथं विकराचं प्रमाण मोजणारं यंत्र लागतं, आणि तशी हातात मावणारी यंत्रं आता आली आहेत. दुसरं, ज्याच्या पेशी नुकत्याच फुटल्या आहेत त्याची लगेच तपासणी करून उपयोग नाही. म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या असतात, नव्या तरण्या पेशींत विकर भरपूर असतं, तपासणी फसवी चांगली येते. ओट्यावर बसलेल्या त्या मुलासाठी म्हणूनच तीन महिने थांबलो. खालची रांग त्याची आहे.

नियमावली सांगते की जी-सिक्स-पी-डीची उणीव असल्याचं माहीत असेल तर ही रोजची गोळी देऊ नये. गरोदर बाईला नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. गरोदरपण विचारून कळतं, बाळाचं वय दिसतं. पण उणीव ‘माहीत असेल तर’ याचा अर्थ काय? ज्या पाड्यावर तपासणी कधी गेलीच नाही, तिथं ते माहीत असणार कुणाला?

याच आदिवासी तालुक्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी लोकांचं रक्त तपासलं जातं. 2023 पासून त्याचं राष्ट्रीय अभियान चालू आहे. बोट एकदाच टोचायचं. सुई तीच, रांग तीच, नाव-गाव लिहायची वही तीच. त्या थेंबातला जरासा गाळणकागदावर जाऊ द्या, आमची मागणी एवढीच आहे.

उणीव निघाली म्हणून उपचार थांबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत अशा रुग्णाला प्रायमाक्वीन रोज न देता आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, वजनाच्या किलोमागे 0.75 मिलिग्रॅम देता येतं, पण डॉक्टरांच्या नजरेखालीच. मधल्या सहा दिवसांत शरीराला नव्या पेशी घडवायला वेळ मिळतो. आणि ज्याची तपासणी झालेली नाही, पण गोळी चालू आहे, त्याच्या घरच्यांनी लघवीचा रंग बघायचा. गडद झाली, डोळे पिवळे पडले, ओठ निळसर दिसले, धाप लागली, तर पुढची गोळी थांबवून थेट दवाखाना. कपड्यांतल्या डांबरगोळ्यासुद्धा ही उणीव असलेल्या मुलांना बाधतात; बाळाचे कपडे त्या ट्रंकेत ठेवू नका.

(दृश्य : आरोग्य केंद्राचा व्हरांडा. पाऊस उघडलेला.)

त्या मुलाच्या आईनं निरोप धाडला, म्हणून सुरगाण्याकडून तिचा भाऊ आला आहे. पन्नाशीचा माणूस, आजवर कसलाच त्रास नाही म्हणतो. तरण्यापणी एकदा तापाच्या गोळ्यांनी ‘कावीळ झाली’ होती, भगतानं झाडपाल्याची दवा दिली होती, एवढं आठवतंय. तो बाकावर बसतो. डावा हात पुढं करतो. आशाताई कापूस काढतात.

काळा कपडा पुन्हा खिडकीवर. तीन ठिपके. तिसराही काळाच.

आशाताईंनी त्याच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं तपासणीचा निकाल लिहिला, खाली ‘प्रायमाक्वीन रोज देऊ नये’ असं लिहिलं, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. पावसात भिजू नये म्हणून.