ख्रिस्तोची कागदावरची कामं: कोट्यवधी डॉलरचा खर्च चित्रांनी कसा भागवला?

नमस्कार मंडळी. आज आधी एक चित्र नीट बघूया, मग गोष्ट.

[स्क्रीनवर: 'द गेट्स'चं दोन भागांतलं रेखाचित्र]

एकावर एक लावलेले दोन कागद. वरचा अरुंद, जेमतेम ३८ सेंटीमीटर उंच. खालचा चांगला १०७ सेंटीमीटरच्या आसपास. रुंदी दोन्हींची सारखीच, २४४ सेंटीमीटर, म्हणजे आठ फूट. खालच्या कागदावर न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आहे. पानं गळलेली झाडं, वळत जाणारी पायवाट, आणि त्या वाटेवर एकामागोमाग एक उभ्या केशरी चौकटी, प्रत्येकीला वरून सोडलेलं कापड. पेन्सिल, कोळसा, पेस्टल, वॅक्स क्रेयॉन, सगळं एकत्र वापरलंय. अशा चित्रांच्या वरच्या पट्टीत काय काय असतं? जागेचा नकाशा, हाताने लिहिलेली मापं, तांत्रिक तपशील, कधी खऱ्या कापडाचा तुकडाच चिकटवलेला. मला स्वतःला ही पट्टी खालच्या देखण्या चित्राइतकीच आवडते. खाली स्वप्न आहे आणि वर त्याचा हिशोब, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातचं.

या चौकटी म्हणजेच 'द गेट्स', आणि हे चित्र काढलं तेव्हा पार्कात यातलं काहीही उभं नव्हतं.

ख्रिस्तो आणि जान-क्लोद, उघड्या जागी कापडाची भव्य कामं उभी करणारं कलाकार जोडपं. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १३ जून १९३५. तो बल्गेरियातल्या गाब्रोव्होचा, ती मोरोक्कोतल्या कासाब्लांकाची. बाहेरची भव्य कामं दोघांच्या नावावर आहेत, पण चित्रं एकट्या ख्रिस्तोची. हाताखाली मदतनीस न ठेवता न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत तो ती स्वतः काढायचा. जान-क्लोद चित्रं काढत नसे. पैशांचे व्यवहार ती बघायची.

आणि पैसा लागायचा तो प्रचंड. 'द गेट्स'चा खर्च त्यांनी सुमारे २ कोटी १० लाख डॉलर सांगितला होता. सरकारी अनुदान नाही, प्रायोजक नाही, बघायला तिकीट नाही. मग हे पैसे आले कुठून? या चित्रांतून. रेखाचित्रं, कोलाज, छोट्या प्रतिकृती, शिवाय ख्रिस्तोची सुरुवातीच्या काळातली कामं. संग्राहक आणि संग्रहालयं ती विकत घ्यायची, आणि त्याच पैशातून पोलाद, कापड आणि कामगारांची मजुरी भागायची. कोणाचे पैसे घेतले की त्याचं ऐकावं लागतं, आणि या दोघांना कोणाचंच ऐकायचं नव्हतं. म्हणून कागद हे त्यांचं स्वातंत्र्य होतं, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

पण ही चित्रं नुसती विकण्यासाठी काढलेली नव्हती, आणि ते 'द गेट्स'मध्येच सगळ्यात स्पष्ट दिसतं. कल्पना १९७९ची. सुरुवातीच्या आराखड्यात अकरा ते पंधरा हजार चौकटी होत्या, आणि त्यांचे खांब जमिनीत रोवायचे होते. १९८१मध्ये पार्क खात्याने परवानगी नाकारली. पुढे दोन दशकं गेली. २००३मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात होकार मिळाला तेव्हा आराखडा पार बदललेला होता. खड्डे अजिबात नाहीत, खांब पोलादी पायांवर नुसते ठेवायचे. चौकटी ७,५०३. आणि वेळ शरद ऋतूऐवजी फेब्रुवारीची, जेव्हा फांद्या उघड्या असतात आणि केशरी रंग लांबूनही दिसतो. आता १९८०च्या आसपासचं चित्र आणि २००३ नंतरचं चित्र शेजारी ठेवा. त्या चोवीस-पंचवीस वर्षांतला विचार कसा पुढे सरकला, ते कागदावर उतरलेलं आहे.

[स्क्रीनवर: राइशटागचं कोलाज]

कोलाजकडे जरा जवळून बघा. बर्लिनच्या राइशटागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, कापडात गुंडाळायचं काम १९९५ साली झालं: एक लाख चौरस मीटर कापड आणि साडेपंधरा किलोमीटरहून जास्त निळा दोर. पण त्याच्या कितीतरी आधी कोलाजमध्ये इमारतीवर खरं कापड चुण्या पाडून लावलंय आणि दोऱ्याने आवळलंय. कापड कुठे फुगेल, दोर कुठे रुतेल, हे बोटांनी करून बघितलंय. जर्मन संसदेत यावर चर्चा होऊन मतदान झालं, २९२ बाजूने, २२३ विरोधात. जी वस्तू अस्तित्वातच नाही तिच्यावर एक देश भांडतो, तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर असतात ती ही चित्रं आणि मॉडेल्स. कॅलिफोर्नियातल्या 'रनिंग फेन्स'चंही तसंच. १९७६ साली ३९ किलोमीटरहून लांब पांढरं कापड ५९ पशुपालकांच्या जमिनींवरून गेलं. त्याआधी १८ जाहीर सुनावण्या झाल्या.

एक गोष्ट मला फार मोठी वाटते. काम प्रत्यक्ष उभं राहिलं की ख्रिस्तो त्याचं चित्र काढणं कायमचं थांबवायचा. विचार करा, 'द गेट्स' जगभर गाजल्यावर आणखी शंभर चित्रं सहज खपली असती. एकही काढलं नाही. कारण ही चित्रं 'हे कसं होईल?' या प्रश्नासाठी होती. पार्कात उत्तर उभं राहिल्यावर विचारायचं काय?

काही प्रश्नांना उत्तर मिळालंच नाही. कोलोरॅडोतल्या अर्कान्सा नदीवर कापड ताणायचा 'ओव्हर द रिव्हर' प्रकल्प वीस वर्षांहून जास्त चालला आणि २०१७मध्ये ख्रिस्तोने तो सोडून दिला. त्याची आज फक्त चित्रं आहेत. उलट पॅरिसची आर्क द त्रिओम्फ ही भव्य कमान कापडात गुंडाळायची कल्पना १९६१ची. कमानीवर कापड सप्टेंबर २०२१मध्ये चढलं. ख्रिस्तो मे २०२०मध्ये गेला होता, जान-क्लोद २००९मध्येच. तरी २५,००० चौरस मीटर चंदेरी-निळं कापड आणि ३,००० मीटर लाल दोर त्याने ठरवल्याप्रमाणेच बसले, आणि तोही खर्च त्याच्या कलाकृतींच्या विक्रीतूनच निघाला.

तुमच्यापैकी कोणी अमेरिकेत राहत असेल तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमकडे 'रनिंग फेन्स'ची चित्रं, फोटो आणि कागदपत्रं असा मोठा संग्रह आहे. सगळं नेहमी मांडलेलं नसतं, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. आणि समोर दोन भागांतलं चित्र आलं, तर आधी वरची पट्टी वाचा.