कॅथोडमागचा हीटर

सूक्ष्मतरंग नलिकेचा, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी निर्माण किंवा प्रबळ करणाऱ्या निर्वात नलिकेचा, हीटर म्हणजे तारेची एक छोटीशी गुंडाळी. ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब असो वा क्लायस्ट्रॉन (हे अशा नलिकांचे दोन प्रकार), तिचे काम तापलेल्या कॅथोडमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या ऋण टोकामधून, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर चालते. सच्छिद्र टंगस्टनमध्ये बेरियमची संयुगे मुरवून केलेला कॅथोड साधारणपणे 950 ते 1100 अंश सेल्सिअसला काम करतो. तापमान कमी पडले, तर पुरेसे इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. वाढले, तर बेरियम वेगाने उडून जाते आणि नलिकेचे आयुष्य घटते. कॅथोडला या पट्ट्यात आणून तेथेच टिकवून धरणे, हे हीटरचे काम.

नलिकेत हवा नसते, त्यामुळे मोकळ्या गुंडाळीतली उष्णता कॅथोडपर्यंत मुख्यतः प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपाने, पोहोचते. कॅथोडही तशीच उष्णता बाहेर टाकत असतो: 1050 अंशांना आदर्श कृष्णवस्तूच्या (त्या तापमानाला जास्तीत जास्त प्रारण सोडणाऱ्या काल्पनिक वस्तूच्या) दर चौरस सेंटीमीटरमधून सुमारे 17 वॅट निघून जातात, आणि धातूचा पृष्ठभाग त्यापेक्षा कमी उत्सर्जन करत असला, तरी हा तोटा मोठाच ठरतो. म्हणून कॅथोडभोवती मॉलिब्डेनमच्या पातळ पत्र्याची उष्णतारोधक आवरणे बसवतात, आणि आधार देणारी नळी इतकी पातळ ठेवतात, की तिच्यातून वहनाने फारशी उष्णता निसटू नये. नळी किती पातळ करावी, हा प्रश्न मात्र उष्णतेपुरता उरत नाही, कारण कंपने आणि धक्के सोसायचे असतात ते याच नळीला.

आमच्या मते रचनेची खरी कसोटी हीटर आणि कॅथोड यांच्या तापमानांतील फरकात दिसते. मोकळ्या हीटरला कॅथोडपेक्षा बरेच जास्त तापावे लागते, आणि तार जितकी तापेल तितकी तिच्यातील स्फटिकांची वाढ होऊन ती ठिसूळ होते. ही प्रवृत्ती रोखण्यासाठी टंगस्टनमध्ये ऱ्हेनियम मिसळतात. दुसरा उपाय म्हणजे गुंडाळी कॅथोडच्या मागच्या पोकळीत ठेवून तिच्याभोवती अॅल्युमिनाची भुकटी भरणे आणि ती उच्च तापमानाला भाजून घट्ट करणे. असे केल्यावर उष्णता वहनानेही जाऊ लागते, फरक कमी होतो आणि तार कंपनांपासून सुरक्षित राहते. मात्र भरावाचे वस्तुमान वाढल्याने कॅथोड तापायला अधिक वेळ लागतो. ज्या उपकरणाला काही सेकंदांत सज्ज व्हायचे आहे, त्याच्यासाठी हा उपाय सहसा सोयीचा नसतो.

अॅल्युमिनाचे आणखी एक काम विद्युतरोधनाचे. तापल्यावर त्याचा रोध घटतो, त्यामुळे हीटर आणि कॅथोड यांच्यात गळतीचा प्रवाह वाहू शकतो. भरावात अशुद्धी असेल, तर तो आणखी वाढतो. याखेरीज हीटरच्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांच्या झोताला विचलित करते. यासाठी तार मधोमध दुमडून दुहेरी गुंडाळतात, म्हणजे शेजारच्या वेढ्यांत प्रवाह उलट दिशांनी वाहतो आणि क्षेत्रे बहुतांशी एकमेकांना रद्द करतात.

उरतो प्रश्न चालू करण्याच्या क्षणाचा. थंड टंगस्टनचा रोध 1250 अंशांना तापलेल्या टंगस्टनच्या रोधाच्या साधारण सातव्या भागाइतकाच असतो. पूर्ण व्होल्टता एकदम दिली, तर पहिल्या क्षणी कामकाजाच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह तारेतून धावतो आणि तिच्या टोकांच्या जोडांवर ताण येतो. म्हणून वीजपुरवठ्यात प्रवाहाची मर्यादा ठेवतात किंवा व्होल्टता टप्प्याटप्प्याने वाढवतात. दीर्घकाळ अखंड चालणाऱ्या नलिकेपेक्षा वारंवार चालू-बंद होणाऱ्या नलिकेचा हीटर याच कारणाने अधिक कठोर चाचण्यांतून जातो, आणि त्या चाचण्यांत एका गुंडाळीला हजारो वेळा तापवून थंड केले जाते.